लिनक्स बसवलं, आता वायफाय ‘चालत नाही’: मदत मागायच्या आधी काय काय बघायचं

मागच्या दिवाळीत मामाच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) टाकून दिलं. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्याच्या मशीनचा प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसत नाही, नवीन लॅपटॉप घ्यायची त्याची तयारी नाही, मग काय, पेनड्राईव्ह काढला आणि चहा संपेपर्यंत मिंट 22 बसवून मोकळा. मी पुण्याला परत आलो आणि चौथ्या दिवशी सांगलीहून फोन, "अरे ते वायफाय चालत नाहीये."

झालं. दोन संध्याकाळी मी फोनवरून त्याच्याकडून ड्रायव्हर काढून घेतला, परत टाकून घेतला, कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलून घेतला, तो बिचारा चष्मा लावून एकेक अक्षर टाईप करतोय आणि मामी मागून विचारतेय जेवायला वाढू का. शेवटी निघालं काय, तर लॅपटॉपच्या कडेला वायफायचं एक बारीक सरकतं बटण असतं जुन्या मॉडेलना, ते बॅगेत घालताना बंद झालं होतं.

यात चूक मामाची नव्हती, माझी होती. ‘चालत नाही’ म्हणजे नक्की काय हे मी विचारलंच नाही. नेटवर्कची नावंच दिसत नाहीत, की नावं दिसतात पण पासवर्ड घेत नाही, की जोडलं जातं पण पान उघडत नाही? ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हीची औषधं वेगळी. त्यानंतर मी स्वतःसाठी एक क्रम ठरवला, तो इथे लिहून काढतोय. मिंट आणि उबंटू डोळ्यापुढे ठेवून लिहिलंय, बाकी डिस्ट्रोवाल्यांना (डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचा एकेक अवतार, मिंट आणि उबंटू त्यातलेच) पण बरंचसं लागू पडेल.

कमांडबद्दल एक सांगतो. मी मामाला फोनवर जशा सांगतो तशाच, अक्षरं फोडून, इथे लिहिल्यात. टाईप करताना त्या रोमन लिपीत आणि छोट्या अक्षरात करायच्या, जिथे मोठं अक्षर लागतं तिथे मी तसं सांगेन. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाईप करायच्या खिडकीत, कॉपी करायला कंट्रोल-शिफ्ट-सी आणि पेस्टला कंट्रोल-शिफ्ट-व्ही, कारण नुसतं कंट्रोल-सी दाबलं तर चालू असलेली कमांड थांबते. आणि एस-यू-डी-ओ, म्हणजे सुडो (पुढची कमांड ॲडमिनच्या अधिकाराने चालवणारा शब्द), वापरल्यावर पासवर्ड मागतो तेव्हा स्क्रीनवर टिंबसुद्धा उमटत नाही कधीकधी, मामा पंधरा मिनिटं कीबोर्ड खराब झाला म्हणून बसला होता. टाईप होत असतं, दिसत नाही एवढंच, एंटर मारायचं.

सगळ्यात आधी परतीची सोय

मिंटमध्ये टाईमशिफ्ट नावाचं टूल येतंच. उबंटूवर टाकून घ्यावं लागतं. काहीही छेडछाड करायच्या आधी त्यात एक स्नॅपशॉट घ्या, म्हणजे सिस्टिम बिघडली तर कालच्या अवस्थेत परत जाता येतं, आणि डेस्कटॉप उघडतच नसेल तर लाईव्ह यूएसबीवरून (म्हणजे लिनक्स बसवायच्या पेनड्राईव्हवरूनच मशीन चालू करून) पण टाईमशिफ्ट चालवून परत जाता येतं. फक्त हे लक्षात ठेवा की टाईमशिफ्ट मुळात सिस्टिमच्या फाईलींसाठी आहे, तुमचं होम फोल्डर ते आपणहून घेत नाही, त्यामुळे लग्नाचे फोटो आणि सातबाऱ्याच्या पीडीएफ वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवायच्या त्या ठेवायच्याच.

आणि ज्या पेनड्राईव्हवरून लिनक्स बसवलं तो पुसू नका. लोक पहिल्या दिवशी तो फॉरमॅट करून त्यात गाणी भरतात. पुढच्या पायरीला तोच लागणार आहे.

दुखणं कुठल्या थरात आहे ते शोधा

ही माझ्या मते सगळ्यात कामाची पायरी आहे आणि नव्वद टक्के लोक हीच गाळतात (टक्केवारी माझ्या अंदाजाची, मनावर घेऊ नका). तीन चाचण्या आहेत, तिन्हीला कमांड लागत नाही.

पहिली, लाईव्ह यूएसबीवरून मशीन चालू करा, काही इन्स्टॉल न करता नुसतं वापरून बघा. तिथे वायफाय, आवाज, टचपॅड जे काय असेल ते चालतंय का? लाईव्हवर चालतंय आणि बसवलेल्या सिस्टिमवर चालत नाही, तर हार्डवेअर ठीक आहे, नंतर झालेल्या कुठल्यातरी बदलाने गडबड झालीय. लाईव्हवर पण चालत नसेल तर ड्रायव्हर नाहीये किंवा खरंच हार्डवेअरचं काहीतरी आहे. मामाच्या वेळी मी हे पहिल्याच संध्याकाळी केलं असतं तर निदान ड्रायव्हरवर घसरलो नसतो, कारण बसवताना त्याच लाईव्हवर वायफाय मस्त चालत होतं.

दुसरी, नवीन युजर बनवा. सेटिंगमध्ये युजर्स म्हणून आहे, ‘चाचणी’ नावाचं एक खातं काढा आणि त्यातून लॉगिन करा. पॅनल गायब झालंय, आयकॉन विचित्र दिसतायत, मेनू उघडत नाही, शॉर्टकट चालत नाहीत, असल्या तक्रारी नव्या खात्यात नसतील तर बिघाड तुमच्या होम फोल्डरमधल्या सेटिंगच्या लपलेल्या फाईलींत आहे, सिस्टिम ठणठणीत आहे. अख्खं लिनक्स परत बसवायची गरज नाही. ही चाचणी केली नाही म्हणून परत इन्स्टॉल करणारे आणि जुनं होम फोल्डर तसंच ठेवल्यामुळे तोच बिघाड परत बघून कपाळाला हात लावणारे मी बघितलेत.

तिसरी, जुना कर्नल. अपडेटनंतर काही बिघडलं असेल तर चालू होताना ग्रबचा (कुठली सिस्टिम, कुठला कर्नल उघडायचा ते विचारणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आणा, एकटं लिनक्स असेल तर तो लपलेला असतो, नव्या मशीनवर सुरुवातीला एस्केप दाबायचं, जुन्या बायोसवाल्या मशीनवर शिफ्ट दाबून धरायचं. तिथे ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचे कर्नल दिसतील, वरून दुसरा कर्नल निवडा, ‘रिकव्हरी मोड’ लिहिलेली ओळ नको. त्यावर सगळं नीट चाललं तर गुन्हेगार सापडला, सध्या त्याच कर्नलवर राहा, जग बुडत नाही.

मशीनची कुंडली काढा

आता कमांड. आय-एन-एक्स-आय, स्पेस, डॅश, मोठा एफ, छोटा एक्स, छोटा झेड. इनक्सी म्हणतात हिला. मिंटमध्ये आधीपासून असते. कर्नल कुठला, डेस्कटॉप कुठला, ग्राफिक्स कार्ड, वायफायची चिप, आवाजाचं कार्ड, डिस्क, सगळं एका पानात देते. शेवटचा झेड विसरू नका, तो लावला की आयपी, मॅक पत्ता, सिरियल नंबर असल्या खाजगी गोष्टी झाकून टाकते. ज्यांना टर्मिनल नकोच आहे त्यांनी मिंटमधलं सिस्टिम इन्फर्मेशन उघडावं, तिथून हीच माहिती कॉपी करता येते.

नेमकं एखादं कार्ड बघायचं असेल तर एल-एस-पी-सी-आय, स्पेस, डॅश, एन-एन-के. यात प्रत्येक कार्डाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ येते. वायफायच्या कार्डाखाली ती ओळ असेल तर ड्रायव्हर लागलेला आहे, नसेल तर तिथेच पाणी मुरतंय. शेजारी चौकटी कंसात चार-चार अक्षरांची जोडी दिसते, मध्ये कोलन. हा त्या चिपचा खरा ओळख नंबर. लॅपटॉपवरचं स्टिकर आणि खोक्यावरचं मॉडेल विसरा, एकाच मॉडेलमध्ये कंपन्या वेगवेगळ्या बॅचला वेगवेगळी वायफाय चिप घालतात, त्यामुळे शोधताना हा नंबर टाकून शोधा. जोडीतला पहिला भाग 8086 असेल तर चिप इंटेलची, त्यांनी त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच नंबर घेऊन ठेवलाय, हुशार लोक.

यूएसबीने जोडलेल्या गोष्टींसाठी एल-एस-यू-एस-बी. प्रिंटर लावून एकदा, काढून एकदा चालवा, कुठली ओळ गेली ते बघा. कुठलीच गेली नाही तर वायर किंवा पोर्ट तपासा, लिनक्सपर्यंत प्रश्न पोचलेलाच नाहीये.

वायफायचा क्रम

नावंच दिसत नसतील तर पहिली कमांड आर-एफ-के-आय-एल-एल, स्पेस, एल-आय-एस-टी. दोन ओळी येतात, सॉफ्ट ब्लॉक्ड आणि हार्ड ब्लॉक्ड. सॉफ्टपुढे ‘येस’ असेल तर सॉफ्टवेअरने बंद केलंय, आरएफकिल अनब्लॉक वायफाय केलं की सुटतं. हार्डपुढे ‘येस’ असेल तर कितीही कमांडा मारा उपयोग नाही, मशीनवर बटण किंवा फंक्शनची की शोधा. मामाचं हेच होतं. एका ओळीत उत्तर होतं आणि मी दोन दिवस कर्नल कुटत बसलो होतो.

दोन्हीपुढे ‘नो’ आहे आणि एलएसपीसीआयमध्ये ड्रायव्हरची ओळ नाही, तर ड्रायव्हर टाकायचाय. ब्रॉडकॉमच्या बऱ्याच जुन्या चिपांना तो वेगळा लागतो. पण ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट पाहिजे आणि इंटरनेटला ड्रायव्हर पाहिजे, ही आधी कोंबडी की अंडं गंमत फोनने सुटते: अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने लावा, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला ते वायरचं नेटवर्क वाटतं आणि लगेच जोडलं जातं, काही टाकावं लागत नाही. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा, तो सुचवेल तो टाका, रीस्टार्ट करा.

जोडलं जातंय पण पानं उघडत नाहीत, तर पिंग 1.1.1.1 करून बघा (लिनक्सवर पिंग आपणहून थांबत नाही, कंट्रोल-सी दाबा). उत्तरं येतायत आणि साईटच्या नावाने मात्र काही उघडत नाही, तर डीएनएसचा (साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचा) घोळ आहे, नेटवर्कच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही4 च्या टॅबमध्ये डीएनएस हाताने भरा. उत्तरंच येत नसतील तर आधी राऊटर बंद-चालू करा आणि फोनवर तेच वायफाय चालतंय का बघा. हसू नका, केबलवाल्याचं नेट गेलेलं असताना मी लोकांना कॉन्फिग फाईली उघडताना बघितलंय.

लॉग वाचायची सोपी पद्धत

जे-ओ-यू-आर-एन-ए-एल-सी-टी-एल, जर्नलसीटीएल. पुढे डॅश-बी लावलं तर यावेळी मशीन चालू झाल्यापासूनचं, डॅश-बी स्पेस डॅश-1 लावलं तर त्याच्या आधीच्या वेळचं. मशीन अडकून बटण दाबून बंद करावं लागलं असेल तर हे दुसरं लागतं. त्याला डॅश-पी स्पेस ई-आर-आर जोडलं की फक्त चुका. पण घाबरू नका, ठणठणीत मशीनवर पण पाच-दहा लाल ओळी असतात, एसीपीआयच्या (मशीनची पॉवर सांभाळणाऱ्या भागाच्या) नावाने तर हमखास, आणि लोक त्यातली पहिली ओळ उचलून तिच्यामागे आठवडा घालवतात.

त्यापेक्षा मी असं करतो: टर्मिनलमध्ये जर्नलसीटीएल डॅश-एफ चालू ठेवायचं, लॉग जसा येईल तसा वाहताना दिसतो. दोन-तीनदा एंटर मारून रिकाम्या ओळी घालायच्या, आणि मग जे बिघडतंय ते मुद्दाम करायचं, वायफायवर क्लिक करा, प्रिंट द्या, पेनड्राईव्ह लावा. त्या क्षणी ज्या ओळी आल्या त्याच कामाच्या, तेवढ्याच कॉपी करा.

ज्यांनी डेस्कटॉप मराठीत ठेवलाय त्यांच्यासाठी एक युक्ती. कमांडांचे काही संदेश मग मराठीत येतात, वाचायला छान, पण ते शोधून जगात कुठे काही सापडत नाही. कमांडच्या आधी मोठ्या अक्षरात एल-सी-अंडरस्कोर-ए-एल-एल, बरोबरचं चिन्ह, मोठा सी, मग स्पेस देऊन तुमची कमांड. तेवढ्यापुरता संदेश इंग्रजीत येतो, सिस्टिमची भाषा बदलत नाही.

मराठी टायपिंग आणि फाँट

मला सगळ्यात जास्त फोन याचेच येतात, म्हणून जरा सविस्तर.

नुसतं इन्स्क्रिप्ट येत असेल तर काही टाकायची गरजच नाही, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटच्या टॅबवर जाऊन मराठीचा लेआउट जोडा, झालं. पण आपल्यातले बहुतेकजण ‘एम-ए-ए-जे-एच-ए-ए’ टाईप करून ‘माझा’ आणणारे, त्यांना आयबस (रोमन अक्षरांवरून मराठी उमटवणारा प्रोग्राम) लागतो. आयबस आणि आयबस-एम17एन ही दोन पॅकेजं सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाका. मग इनपुट मेथड म्हणून जे सेटिंग आहे त्यात आयबस निवडा, आणि लॉगआउट करून परत लॉगिन करा. हे शेवटचं लोक करत नाहीत आणि मग आयबस टाकला तरी ब्राउझरमध्ये मराठी येत नाही म्हणतात. आधीपासून उघड्या असलेल्या प्रोग्रामांना नवीन इनपुट मेथड कळलेलीच नसते.

परत आल्यावर आयबसच्या प्रेफरन्सेसमध्ये मराठी शोधा. आत आयट्रान्स, फोनेटिक, इन्स्क्रिप्ट असे प्रकार दिसतील, आणि त्यातच गमभन पण आहे, जुन्या मराठी साईटींवर ज्यांचा हात बसलाय त्यांना ते बघून बरं वाटेल. भाषा बदलायला सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली की आणि स्पेस. तीच जोडी डेस्कटॉपने दुसऱ्या कामाला घेतली असेल तर भाषा बदलत नाही, तेव्हा आयबसमध्ये शॉर्टकट बदला.

आता ‘मराठी नीट दिसत नाही’ ही तक्रार. यातही आधी नक्की काय दिसतंय ते बघा. अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकोनी पेट्या दिसतायत? फाँटच नाही. एफ-सी-डॅश-लिस्ट, स्पेस, कोलन, एल-ए-एन-जी, बरोबरचं चिन्ह, एम-आर, ही कमांड मराठी येणारे सगळे फाँट दाखवते, यादी रिकामी आली तर नोटो किंवा लोहितचं देवनागरी पॅकेज टाका. अक्षरं आहेत पण वेलांटी भलत्या ठिकाणी आणि जोडाक्षरं पाय मोडून वेगवेगळी पडलीयत? फाँट आहे, तो प्रोग्राम देवनागरी नीट जुळवत नाहीये, तोच मजकूर दुसऱ्या प्रोग्राममध्ये चिकटवून बघा. आणि तिसरं, सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतोय, अधूनमधून कंस आणि स्वल्पविराम? ती फाईल युनिकोडमध्ये नाहीच, कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी असल्या जुन्या फाँटात केलेली आहे. ग्रामपंचायतीच्या, संस्थेच्या, लग्नपत्रिकेच्या जुन्या फाईली हमखास अशा असतात. यात लिनक्सचा काही दोष नाही, तो फाँट नसेल तर विंडोजवर पण असंच दिसतं. तो फाँट टाकून वाचा किंवा कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या.

अजून एक बारीक गोष्ट, पण मला टोचते म्हणून सांगतो. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसत असतील तर फाँट फेकू नका. चांगल्या फाँटांत मराठी वळणाची अक्षरं आत असतात, फक्त मजकूर मराठी आहे हे प्रोग्रामला सांगावं लागतं. लिब्रेऑफिसमध्ये ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून तिथे मराठी निवडा, आणि नोटो सान्स देवनागरीसारखा फाँट लावा, ल आणि श जागेवर येतील.

विंडोज आणि लिनक्स एकाच मशीनवर असेल तर

घड्याळ साडेपाच तास मागे गेलंय? बरोबर साडेपाच तास असेल तर बॅटरी बदलू नका. मशीनच्या आतल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तिथे स्थानिक वेळ आहे असं धरून चालतं, आणि आपण जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. म्हणून लिनक्समधून विंडोजमध्ये गेलात की दुपारच्या चारला साडेदहा दिसतात. टी-आय-एम-ई-डी-ए-टी-ई-सी-टी-एल, स्पेस, सेट-डॅश-लोकल-डॅश-आरटीसी, स्पेस, 1. याने लिनक्स पण स्थानिक वेळ ठेवायला लागतं. नुसतं टाईमडेटसीटीएल चालवलं तर ते यावर कुरकुर करतं, करू दे, आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळं पुढेमागे करायची पद्धत नाही त्यामुळे फारसा त्रास होत नाही.

दुसरं, विंडोजचा डी ड्राईव्ह लिनक्सवर उघडतो पण त्यात काही सेव्ह होत नाही, किंवा उघडतच नाही. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असतं, शटडाऊन केलं तरी ते पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि झोपलेल्या विंडोजच्या डिस्कवर लिखाण केलं तर डेटा खराब होईल म्हणून लिनक्स हात लावत नाही. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची टिक काढा आणि एकदा नीट शटडाऊन करा. एका मित्राने यासाठी मला फोन केला तेव्हा त्याचा प्रश्न होता, "फोल्डरला परमिशन कशी द्यायची?" आणि तोवर त्याने सी-एच-मॉड 777 (सगळ्यांना सगळी परवानगी देणारी कमांड) सगळीकडे मारून झालं होतं. खरी अडचण ‘ड्राईव्हवर सेव्ह होत नाही’ ही होती, परमिशन हा त्याने स्वतः लावलेला अंदाज. विचारताना मूळ काय करायचं होतं ते आधी सांगा, अंदाज नंतर.

काळी स्क्रीन, आवाज, प्रिंटर

बसवल्यावर किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकल्यावर स्क्रीन काळी राहिली तर ग्रबमध्ये ई दाबा, ‘क्वाएट स्प्लॅश’ लिहिलेली ओळ शोधा, तिच्या शेवटी स्पेस देऊन एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी, नोमोडसेट, लिहा आणि एफ10. हे फक्त त्या एका वेळेपुरतं असतं, आत शिरून ड्रायव्हर दुरुस्त करायचा.

एनव्हीडियाचा ड्रायव्हर टाकला तरी लागत नाही, तर सिक्युअर बूट (सही नसलेला ड्रायव्हर चालू न देणारं मशीनचं कुलूप) आठवा. ते चालू असताना असा ड्रायव्हर टाकला की इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो, आणि पुढच्या रीस्टार्टला एक निळी स्क्रीन येते, त्यात ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. ती स्क्रीन थोडा वेळच थांबते. लोक घाबरून एंटर मारून पुढे जातात, ड्रायव्हर बसलेला असतो पण चालू होत नाही.

आवाजाचं बहुतेक वेळा एवढंच असतं की एचडीएमआय निवडलेलं असतं आणि तुम्ही स्पीकरकडे कान लावून बसलेले असता. साऊंड सेटिंगमध्ये आउटपुट बदला.

प्रिंटरसाठी ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, 631 उघडा, कप्सचं (लिनक्सचं प्रिंटिंग सांभाळणाऱ्या प्रोग्रामचं) पान येतं, तिथे कामं का अडकलीत ते लिहिलेलं असतं. एचपीच्या लेझरजेट 1020 सारख्या काही मॉडेलना एचपीलिपशिवाय (एचपीचा लिनक्ससाठीचा प्रिंटर ड्रायव्हर) आणखी एक वेगळं प्लगइन लागतं, एच-पी-डॅश-प्लगइन ही कमांड ते उतरवते. प्लगइन आणि एचपीलिपची आवृत्ती एकच लागते, म्हणून सिस्टिम अपग्रेड केल्यावर हेच परत करावं लागतं.

शोधताना तारीख बघा

मिळालेलं उत्तर कुठल्या वर्षीचं आहे ते आधी बघा. जीकेसुडो वापरा असं लिहिलं असेल तर ते पान जुनं, उबंटू 18.04 मध्येच ते काढून टाकलं. एक्सऑर्गची कॉन्फिग फाईल हाताने लिहा म्हणत असेल, आयएफकॉन्फिग चालवा म्हणत असेल, तरी सावध. मिंट 22 हे उबंटू 24.04 वर उभं आहे, त्यामुळे त्या उबंटूसाठीची उत्तरं तुम्हाला चालतात, डेस्कटॉपच्या दिसण्याबद्दलची सोडून. आर्चची विकी मात्र कुठलंही डिस्ट्रो असलं तरी वाचा, पॅकेजची नावं बदलतील पण कारण तिथे नीट समजतं.

कमांड कळल्याशिवाय चालवू नका हे सगळेच सांगतात, मी कशी कळून घ्यायची ते सांगतो: एम-ए-एन, स्पेस, कमांडचं नाव. मॅन्युअल उघडतं, बाहेर पडायला क्यू. ज्या कमांडमध्ये सुडो आणि आर-एम (फाईली पुसणारी कमांड) एकत्र आहे, किंवा नेटवरून काहीतरी उतरवून पाईपने थेट बॅशला (कमांडा चालवणाऱ्या प्रोग्रामला) दिलंय, तिथे हात थांबवा. चॅटबॉटला विचारलं तरी हेच, तो न अडखळता नसलेला ऑप्शन पण सांगतो, मॅन्युअलमध्ये तो ऑप्शन आहे का ते बघायला अर्धा मिनिट लागतं. आणि एका वेळी एकच बदल. तीन उपाय एकदम केले आणि चाललं, तर कशाने चाललं ते कळत नाही, आणि नाही चाललं तर आता तीन गोष्टी उलट फिरवायच्या आहेत.

आता प्रश्न लिहा

बरेचसे प्रश्न इथवर येईपर्यंत सुटलेले असतात. नाही सुटला तर लिहायचं. इंग्रजीत विचारावं लागलं तर छोटी वाक्यं लिहा, व्याकरणाची लाज नको, उत्तरं देणाऱ्यांतल्या कितीतरी जणांची ती मातृभाषा नसते.

‘वायफाय चालत नाही, अर्जंट, प्लीज हेल्प’ याला कोणी उत्तर देत नाही, दिलं तर उलटे पाच प्रश्न येतात. त्याच्या जागी हे बघा:

"मिंट 22 सिनॅमन. कालच्या अपडेटनंतर वायफायची नावं दिसत नाहीत, परवापर्यंत दिसत होती. लाईव्ह यूएसबीवर दिसतात, आधीच्या कर्नलवर पण दिसतात. आरएफकिलमध्ये दोन्हीकडे नो. ड्रायव्हर मॅनेजर काही सुचवत नाही. इनक्सी आणि एलएसपीसीआयचा वायफायचा भाग खाली दिलाय, वायफायवर क्लिक केल्यावर लॉगमध्ये आलेल्या सहा ओळी पण दिल्यात. सध्या जुन्या कर्नलवर काम चालवतोय, नव्यावर कसं आणायचं?"

सहासात ओळींत सगळं आलं: काय, कधीपासून, कुठे होतं, कुठे होत नाही, काय करून बघितलं. कमांडचा निकाल मजकूर म्हणूनच चिकटवा, मोबाईलने काढलेला तिरका फोटो नको, त्यातला नंबर कोण परत टाईप करणार. लॉग चिकटवायच्या आधी एकदा डोळ्याखालून घाला, त्यात घरच्या वायफायचं नाव, तुमचं युजरनेम, मॅक पत्ता असतो, तो खोडा. कोणी काही करून बघायला सांगितलं तर ते करून काय झालं ते सांगा, नाही झालं तरी सांगा. आणि सुटलं की कशाने सुटलं ते तिथेच लिहा, ‘थँक्स, झालं’ एवढ्यावर सोडू नका, तीच चिप असलेला पुढचा माणूस तिथपर्यंत येऊन शिव्या घालतो.

स्वतःसाठी पण लिहून ठेवा, तारीख, काय बदललं, कुठली कमांड. मशीनमधल्या फाईलीत नको, मशीनच चालू होत नसेल तेव्हा ती वाचणार कशी? मामाने यासाठी दुधाच्या हिशोबाची वही धरलीय. डावीकडे रोजचं दूध, उजवीकडे त्याच्या मोठ्या गोल अक्षरात: "कर्नल 6.8 ठेवणे. बटण उजवीकडे सरकवणे. मग पुण्याला फोन."